कोणता लेसर मारला, ते कागदावर लिहा

महोदय,

मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह आला की तपासणी शिबिरांच्या बातम्या येतात, म्हणून हे पत्र.

मी गुजरीत चाळीस वर्षं साज घडवतो. चष्मा प्लस नंबरचा. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डावा डोळा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. घरच्यांना वाटलं पित्त. निघाला काचबिंदूचा झटका. डोळ्यातलं पाणी निचरायची वाट बंद होऊन दाब चढला होता. एका दवाखान्यात दाब उतरवून बुबुळाच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक भोक पाडलं, पाण्याला पुढं यायला वाट म्हणून. वर्षभरात ते बुजलं. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणता लेसर मारला होता, आर्गॉन की याग?" कागदावर एवढंच होतं: लेसर केले.

त्यांनी सांगितलेला फरक सोनाराला लगेच कळतो. आर्गॉन म्हणजे फुंकणीची आच. पडद्यातला रंग तो प्रकाश शोषतो, तापतो, आकसतो, जळतो. रक्त सहसा येत नाही, पण लेसर जास्त वेळा मारावा लागतो आणि नुसत्या आर्गॉनचं भोक बुजायची भीती अधिक. १०६४ नॅनोमीटरचा याग म्हणजे ठशावरचा घाव. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी सूक्ष्म स्फोट होऊन पडदा फाटतो, मग रंग कसाही असो. थोडं रक्त येऊ शकतं. ते थांबवायला डॉक्टर डोळ्यावर टेकवलेलं भिंग जरा दाबून धरतात. आपल्याकडचे पडदे तपकिरी, जाड. म्हणून माझ्या डोळ्यात आधी हिरव्या लेसरने (आर्गॉनच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी ५३२ नॅनोमीटरचा असतो) जागा पातळ केली, मग यागने आरपार नेलं. उजव्या डोळ्याला झटका यायच्या आधीच त्यालाही भोक पाडून घेतलं. तासाभराने दाब पुन्हा मोजला, कारण लेसरनंतर तो चढतो कधीकधी.

मोतीबिंदूनंतर आलेली जाळी काढतात तोही यागच. चष्मा घालवायचा एक्सायमर निराळा. आमच्या पेठेत सगळ्यालाच 'लेसर मारला' म्हणतात.

कोल्हापुरातल्या नेत्रतज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे. डोळा कोणता, लेसर कोणता, भोक कुठं पाडलं, दाब आधी किती नि नंतर किती, हे पेशंटला मराठीत लिहून द्या. दागिन्याच्या पावतीवर आम्ही कॅरेट आणि वजन लिहितोच की. आणि माझ्या वयाच्या, प्लस नंबरच्या कारागिरांनी शिबिरात नुसता दाब मोजून परत येऊ नये. झटका नसताना तो ठीकच दिसू शकतो. डोळ्याचा कोन, म्हणजे पाणी निचरायची ती जागा, अरुंद आहे का, तेही बघायला सांगावं.

एक साज कारागीर,
गुजरी, कोल्हापूर