काखेत आंदोलक, गावाला वळसा

माननीय परिवहनमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

क्रिकेट बघत असाल तर २८ जून २०२३ची सकाळ आपल्याला आठवत असेल. लॉर्ड्सवर अ‍ॅशेसचा दुसरा कसोटी सामना नुकताच सुरू झाला होता. हवामानबदलाला कारण ठरणारे नवे तेल-वायू प्रकल्प थांबवा म्हणणाऱ्या 'जस्ट स्टॉप ऑइल' या ब्रिटिश संघटनेचे दोन आंदोलक नारिंगी पूड घेऊन मैदानात घुसले आणि इंग्लंडचा यष्टिरक्षक जॉनी बेअरस्टो याने त्यातल्या एकाला उचलून, अक्षरशः काखेत मारून सीमारेषेपर्यंत नेले. मग कपडे बदलून तो परत आला आणि खेळ पुढे सुरू झाला. जगभर लोक हसले. मीही हसले. हसून झाल्यावर 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आठवली, आणि तिने काही पिच्छा सोडला नाही. म्हणून हे पत्र.

आंदोलनाच्या पत्राचा पत्ता परिवहन खाते कसा, असे आपल्याला वाटेल. क्रीडामंत्र्यांना लिहिले असते तर त्यांनी कुंपण दोन हात उंच केले असते, एवढेच.

गेल्या काही वर्षांत असे प्रसंग बरेच झाले. २०२२मध्ये रोलां गॅरोच्या, म्हणजे फ्रेंच ओपन टेनिसच्या, उपांत्य सामन्यात एका तरुणीने स्वतःला जाळीला बांधून घेतले. त्याच उन्हाळ्यात 'तूर द फ्रान्स'ची सायकल शर्यत रस्त्यावर बसलेल्यांनी अडवली. २०२३च्या अमेरिकन ओपनमध्ये कोको गॉफचा उपांत्य सामना जवळजवळ पन्नास मिनिटे थांबला, कारण एकाने आपले अनवाणी पाय प्रेक्षागृहाच्या फरशीला चिकटवले होते. सामना जिंकल्यावर गॉफ म्हणाली ते थोडक्यात असे, की आपले म्हणणे ऐकू जावे म्हणून त्यांना हे करावेसे वाटले असेल, तर मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. खेळ ज्यांचा थांबतो, त्यांना तो का थांबवला गेला हे बरेचदा कळलेले असते. आणि हवामान स्वतःही खेळ थांबवते: २०१९च्या जपानमधल्या रग्बी विश्वचषकात 'हागिबिस' वादळामुळे सामने रद्द झाले, तेव्हा मैदानात कोणी घुसले नव्हते.

मला स्वतःला सामना अडवणे पटत नाही. खेळाडूची चार वर्षांची मेहनत एका दुपारी उभी असते, तिच्यात कोणी पूड उधळावी हे मनाला लागते. पण आंदोलकाला बाहेर नेल्यावर आपण त्याचा प्रश्नही बाहेर सोडून येतो, ते त्याहून वाईट.

प्रश्न असा, की सामन्यातला धूर येतो कुठून? दिव्याच्या खांबांकडे बोट जाते, पण तो मोठा भाग नाही. कतारच्या २०२२च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने स्वतःच आधी अंदाज बांधला होता: सुमारे ३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातला निम्म्याहून अधिक प्रवासाचा. (ही स्पर्धा कार्बनच्या हिशेबात शून्यावर येईल असाही दावा होता. स्वित्झर्लंडच्या जाहिरात नियामक आयोगाने जून २०२३मध्ये तो दावा करू नका असे सुनावले.) विश्वचषकात विमाने असतात, आपल्या रोजच्या स्पर्धांमध्ये नसतात, हे खरे. पण लहान मैदानाबाहेर उभ्या राहणाऱ्या दुचाकी आणि चारचाकी मोजल्या, तर तिथेही खेळापेक्षा खेळाला येणेच जास्त जाळते. आणि ते येणे आपल्या खात्याखाली येते.

आता जरा माझ्याविषयी. मी एका खेड्यात मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. आमच्या मुलींना सर्व्हिस, ब्लॉक, सगळे येते. अंतिम सामना खेळता येत नाही. अंतिम सामना संध्याकाळी असतो आणि शेवटची गाडी त्याआधी सुटते. गेल्या हंगामात उपांत्य सामन्याचा तिसरा सेट चालू असताना एका मुलीचे वडील कडेला उभे राहून घड्याळ दाखवत होते. पंचांना वाटले वेळ संपल्याची तक्रार आहे. तक्रार तीच होती, पण पंचांकडे नव्हती.

पर्याय काय? भाड्याची जीप. ती सगळ्यांनी मिळून केली तरी तिचे भाडे बसच्या तिकिटाच्या कितीतरी पट. मग ज्या घरात दुचाकी आहे त्या घरची मुलगी स्पर्धेला येते, आणि जिच्या घरी नाही ती फक्त सरावाला येते. संघनिवड मी करते असे कागदावर आहे. खरी निवड वेळापत्रक करते.

वर या लोकांना सांगायचे, की दुचाकी वापरू नका, धूर होतो.

ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स हवामानावर बोलू लागला, क्लबांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसवायला 'क्रिकेट फॉर क्लायमेट' काढले, तेव्हा त्याला ऐकवले गेले, की तू विमानाने फिरतोस, तू कशाला बोलतोस. हा बाण खेडेगावाच्या दिशेने तर रोज सुटतो. कमिन्सला विमानाशिवाय दौरा करता येत नाही आणि आमच्या मुलीच्या वडिलांना दुचाकीशिवाय फाट्यावर पोचता येत नाही. दोघांनी पर्याय नाकारलेला नाही. दोघांपुढे तो ठेवलेलाच नाही.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८मध्ये हेच पेटले. इंधनावरचा कार्बन कर वाढणार म्हटल्यावर, प्रत्येक गाडीत ठेवणे सक्तीचे असलेले पिवळे जाकीट घालून लोक चौकाचौकांत उतरले. त्यात शहराबाहेरचे, ज्यांना गाडीशिवाय कामावर जाता येत नाही असे पुष्कळ होते. डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. त्याच महिन्यात पॅरिसच्या हवामान मोर्चात काही पिवळी जाकिटेही चालली, आणि तिथली एक घोषणा मला फार आवडते: जगाचा शेवट आणि महिन्याचा शेवट, लढाई एकच. महिनाअखेर कशी असते हे ठाऊक असलेल्याला ही घोषणा समजावून सांगावी लागत नाही.

भाडे कमी करणे हा पहिला उपाय सुचतो, आणि तो करून पाहिलेले देश आहेत. जर्मनीने २०२२च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोंत महिन्याचा पास दिला. देशभरातल्या स्थानिक गाड्या आणि बस त्यात आल्या. सुमारे ५ कोटी २० लाख पास विकले गेले. शहरांत झुंबड उडाली. खेड्यांत मात्र जिथे दिवसाला दोन फेऱ्या, तिथे पास खिशातच राहिला. एस्टोनियाने तर जुलै २०१८पासून बहुतेक जिल्ह्यांतल्या बस फुकट केल्या. २०२१मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी म्हटले, की लोकांनी मोटार सोडलेली दिसत नाही. इंग्लंडने जानेवारी २०२३पासून एकेरी बसप्रवासाला २ पौंडांची कमाल मर्यादा घातली. तिचा खरा लाभ लांबच्या, खेड्यांकडच्या मार्गांवर झाला, कारण तिथले तिकीटच महाग होते. २०२५मध्ये ती मर्यादा ३ पौंडांवर गेली. पण ज्या मार्गावरची बस आधीच बंद पडली होती, तिथे दोन काय आणि तीन काय.

म्हणून माझी विनंती उलट टोकाने सुरू होते. आधी गाडी, मग भाडे. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक प्रांतात नियम आहे, की साधारण ३०० रहिवासी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या जागा मिळून भरतील अशा प्रत्येक वस्तीला सार्वजनिक वाहतूक द्यायचीच. भारमान किती, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात, हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे उलटे चालते. भारमान कमी म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून माणसे दुचाकी घेतात, मग भारमान आणखी कमी, आणि शेवटी 'तोट्यातली फेरी' असा शिक्का मारून गाडी बंद. तोटा कोणाचा, हे त्या शिक्क्यावर लिहिलेले नसते. मुक्कामी गाडी बंद झाली की पहाटेच्या सरावाला येणाऱ्या मुली कमी होतात, हा तोटा कुठल्याच वहीत चढत नाही.

आणि खेळापुरते एक करता येईल, त्याला कायदा बदलायलाही नको. २००६च्या जर्मनीतल्या फुटबॉल विश्वचषकात सामन्याच्या तिकिटावरच स्थानिक बस आणि ट्राम चालत होती. २०२४मध्ये जर्मनीतच झालेल्या युरो फुटबॉल स्पर्धेत तिकिटासोबत ३६ तासांचा स्थानिक प्रवास होता. २०२५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या महिलांच्या युरो स्पर्धेत सामन्याचे तिकीट दाखवून देशात कुठूनही मैदानापर्यंत जाता-येता येत होते. सगळे सुरळीत झाले असे नाही. २०२४मध्ये जर्मनीत गेल्सेनकिर्शनला सामना संपल्यावर लोक ट्रामसाठी रात्री ताटकळले. फुकट तिकीट हातात आणि गाडीचा पत्ता नाही, हा अनुभव आम्हाला नवा नाही, त्यामुळे त्या प्रेक्षकांविषयी मला सहानुभूती आहे.

मोठ्या मैदानावरच्या सामन्याला परवानगी देताना आपले सरकार पोलीस बंदोबस्त बघते, अग्निशमन बघते, रुग्णवाहिका बघते. त्याच अर्जात एक रकाना वाढवा: सामना संपल्यावर शेवटची गाडी किती वाजता, आणि ती कुठवर जाईल. 'कुठवर'वर माझा भर आहे. शहराच्या वेशीपर्यंत नको, फाट्यापर्यंतही नको, गावात. जादा गाड्यांचा खर्च तिकिटावर थोडा आणि प्रायोजकावर बराच टाका. प्रायोजकांत तेल आणि वायू विकणाऱ्या कंपन्या असतातच. आंदोलक त्यांच्याच नावाने ओरडत असतात. त्यांच्या पैशांतून निदान चार गाड्या तरी सुटू देत.

शालेय आणि तालुका पातळीच्या स्पर्धांना प्रायोजक नसतो, तिथे हा मार्ग चालणार नाही. तिथे आपले आगार आणि स्पर्धेचे आयोजक यांनी हंगामाआधी एकदा एकत्र बसून दोन वेळापत्रके शेजारी ठेवली, तरी पुरे. सामना तासभर आधी घ्या, नाहीतर गाडी तासभर उशिरा सोडा. यातले काहीही चालेल. सध्या दोघेही एकमेकांचे वेळापत्रक न बघता आपापले छापतात. खेळाडू मुलींना सवलतीचा पास मिळावा हेही मागायचे आहे, पण ते दुसऱ्या पत्रात. आधी पास दाखवायला गाडी असू दे.

आमच्या मुलींची पुढची स्पर्धा हिवाळ्यात आहे. अंतिम सामना संध्याकाळी पाच वाजता. आपल्याला आग्रहाचे निमंत्रण देते. येताना बसनेच या, दुपारी एक आहे. परतीचे मात्र आज काही सांगता येत नाही.

आपली,
खेड्यातली एक व्हॉलीबॉल प्रशिक्षक