लग्नाच्या पहिल्या सहीच्या आधी मालमत्तेचं बोलून घ्या

संपादक महोदय,

गोव्यातली मुलं-मुली लग्नं उशिरा करतात आणि एका मुलावर थांबतात, याचं खापर हल्ली सर्रास मोबाईलवर आणि मोठ्या पगारांवर फोडलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्याच फेरीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, १.९ होता. लोकसंख्या टिकून राहायला २.१ लागतो, त्याच्या खाली आपण तेव्हाच गेलो होतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा दर १.३ झाला, देशाचा २.० होता. २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के, गोव्यात ५.८ टक्के. लहान कुटुंबाची सुरुवात आजच्या पोरांनी केलेली नाही, ती त्यांच्या आईवडिलांच्या पिढीतच झाली.

खरा बदल क्रमात झाला आहे. आजी-आजोबांच्या काळी आधी लग्न, मग मुलं, आणि घर तर असायचंच. नवरा मुंबईला नोकरीला, बायको गावच्या घरात सासूच्या हाताखाली. गोवामुक्तीनंतरच्या पिढीने शिक्षण आणि सरकारी नोकरी किंवा आखात आधी घेतलं, लग्न नंतर केलं, आणि काही वर्षांनी वेगळी चूल मांडली. आता शिक्षण, नोकरी, पर्वरीला किंवा फोंड्याला कर्जावर फ्लॅट, आणि मग तिशीच्या आसपास लग्न. बोहल्यावर चढताना दोघांच्याही नावावर काही ना काही असतं: फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी, ठेवी, हप्ते.

आपला विवाहाचा कायदा मात्र या क्रमासाठी घडलेला नाही. गोव्यात आजही चालणाऱ्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता समाईक होते आणि दोघं निम्म्या-निम्म्याचे मालक ठरतात. लग्नानंतर मिळवलेलीच नव्हे, लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा, थोडे अपवाद सोडून. ही तरतूद मला मोलाची वाटते. जिने आयुष्यात पगार पाहिला नाही अशा गोव्यातल्या बाईला या तरतुदीने अर्धं घर दिलं. त्या काळचा कायदा बाईच्या वयाकडे कसा बघत होता ते १८८० च्या हिंदू रूढींच्या संहितेत दिसतं: पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही तर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला तिथे मान्यता आहे. आज पंचविशीत मुलीचं पदव्युत्तर शिक्षण नुकतं संपलेलं असतं. हे कलम मोडीत काढायला हवं, समाईक मालकीची तरतूद मात्र राहायला हवी.

अडचण आहे ती न कळत झालेल्या निवडीची. एकाने स्वतः हप्ते भरून घेतलेला फ्लॅट, दुसऱ्याला आईवडिलांकडून वारशाने आलेलं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), हे सगळं लग्नाबरोबर दोघांचं होतं आणि ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मृत्युपत्राचंही तसंच. समजा, दोघांचं मिळून ६० लाखांचं घर आहे. नवरा गेला तर त्यातले ३० लाख पत्नीचे आधीपासूनचेच, तो वारसा नव्हे. उरलेल्या ३० लाखांपैकी १५ लाखांचंच मृत्युपत्र तो आपल्या मनाने करू शकतो, बाकीचे १५ मुलांसाठी राखीव. पूर्ण घर एकाला लिहून ठेवणारी मृत्युपत्रं इथेच अडकतात. बँकेतल्या नामनिर्देशनानेही मालकी बदलत नाही.

जुन्या घरांचं कुलूप का निघत नाही, तेही याच हिशेबात आहे. आजोबांना सहा मुलं, सहाही विवाहित, तर विक्रीच्या दस्तावर बारा सह्या. ती सहाही जोडपी गेली आणि प्रत्येकाला तीन-तीन मुलं असली तर अठरा वारस, जोडीदार धरून छत्तीस. एक सही इंग्लंडमधल्या स्विंडनला, एक दुबईला, एकाचा पत्ताच नाही. त्यात जुन्या पोर्तुगीज नोंदीतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नाही. एक मूल असलेल्या घरात हा गुंता सुटेल, पण करार नसेल तर वारशाने आलेल्या घराचा निम्मा भाग जोडीदाराचा होईल. ते हवं असेल तर उत्तम. नको असेल तर आधी बोलायला हवं.

बोलायचं कसं, तेही सांगतो. संहितेत करारासाठी वेगवेगळे पर्याय आहेत: पूर्ण स्वतंत्र मालमत्ता, किंवा आधीचं ज्याचं त्याचं आणि लग्नानंतरचं दोघांचं. स्वतःची मिळकत असलेल्या आणि तिशीत लग्न करणाऱ्यांना हा दुसरा पर्याय मला सर्वांत न्याय्य वाटतो. प्रथम दोघांनी मालमत्ता आणि कर्जं दोन्हींची यादी करावी. कर्ज लपवलं जातं आणि भांडण तिथूनच सुरू होतं. मग विवाहपूर्व कराराचा सार्वजनिक दस्त करावा. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून वकिलाच्या कार्यालयात शिक्का मारून घेतलेला कागद इथे चालत नाही. त्यासाठी आपल्या तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात चौकशी करावी. हा दस्त लग्नाआधीच व्हायला हवा, आणि लग्नानंतर तो बदलता किंवा रद्द करता येत नाही. हॉल, केटरिंग, फोटोग्राफर सहा महिने आधी ठरतात. दस्तासाठीही तेवढाच वेळ हाताशी ठेवावा.

आणखी एक घोळ सह्यांचा. सिव्हिल रजिस्ट्रारसमोरची पहिली सही म्हणजे लग्नाच्या इराद्याची घोषणा. त्यावर नोटीस लागते, हरकतींची मुदत जाते आणि दुसऱ्या सहीने विवाह पुरा होतो. कॅथलिक जोडप्यांची रीत वेगळी, त्यांच्या चर्चमधल्या विवाहाला नागरी मान्यता मिळते. इतरांमध्ये काही जोडपी व्हिसासाठी नाहीतर कर्जासाठी पहिली सही घाईने उरकतात, देवळात लग्न लावतात आणि दुसरी सही राहून जाते. मंगलाष्टकं झाली, संसार सुरू झाला, पण कायद्याच्या लेखी लग्न अपुरंच. मग निम्म्या मालकीचं संरक्षणही नाही. याचा फटका बहुतेकदा बाईलाच बसतो.

कायदा खात्याकडे मागणी एवढीच. पहिल्या सहीचा अर्ज देतानाच प्रत्येक जोडप्याच्या हाती मराठी आणि कोकणीत एक पान द्यावं. करार न केल्यास काय होतं, कोणते पर्याय आहेत, दस्त कुठे आणि कधीपर्यंत करायचा, दुसरी सही चुकली तर काय होतं, हे त्यात सोप्या शब्दांत असावं. पान वाचल्याची दोघांचीही वेगवेगळी सही घ्यावी, आणि दुसऱ्या सहीची तारीख दोघांच्याही मोबाईलवर कळवावी.

नागरी नोंदणी व वारसाहक्काच्या कामाशी संबंधित एक वाचक,
फोंडा