गूढ ताप कसला, आधी अंगावरची खपली शोधा

संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात 'गूढ तापाचे रुग्ण वाढले' अशी मोठी हेडलाइन होती आणि खाली बारीक अक्षरात स्क्रब टायफस. नाव माहितीये, औषध माहितीये, मग गूढ काय राहिलं? आणि गोचीड चावून होतो असं छापलंय तेही चूक. गोचीड वेगळी, हा माइट नावाचा बारीक किडा, आणि त्यातही मोठा माइट चावत नाही, चावते ती त्याची अळी, तिला चिगर म्हणतात, इतकी बारीक की डोळ्याला धड दिसतही नाही. झाडाझुडपात, गवतात असते. चावलेलं दुखत नाही आणि ताप येतो बहुतेक आठ-दहा दिवसांनी, तेव्हा पेशंटला काही चावलं होतं का विचारलं की तो नाहीच म्हणणार ना.

मी मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. हे पेशंट येतात तेच मुळी आठवडाभराचा ताप अंगात घेऊन, डोकं ठणकतंय, डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, प्लेटलेट खाली, लिव्हरचे रिपोर्ट वर, आणि आधीच कुठेतरी सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं होऊन गेलेली, जी या जंतूवर चालतच नाहीत. आमच्याकडच्या एका बाईंचे तीन दिवस राउंड झाले, सगळ्यांनी फाइल बघितली, चौथ्या दिवशी मी स्पंजिंग करताना, म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसताना, काखेत खपली दिसली, काळी, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, कडेने लाल. चिगर चावलेल्या जागेची हीच खूण. बाई म्हणाल्या, अहो ते दुखत नाही म्हणून मी कोणाला सांगितलंच नाही. त्याच दिवशी या तापाचं औषध, डॉक्सीसायक्लिन, सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला.

डॉक्टरांना दोष देत नाहीये. खपली असते कुठे तर काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या पट्ट्यापाशी, कानामागे. भरल्या वॉर्डात पडदा नसताना कोण कपडे बाजूला करून दाखवणार? पण पडदा लावून पाच मिनिटं अंग बघायला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. प्रत्येकाला खपली असतेच असंही नाही हां, बऱ्याच जणांना सापडत नाही. आयजीएम एलायझा ही रक्ताची टेस्ट चांगली, पण पहिल्या काही दिवसांत तीही निगेटिव्ह येऊ शकते, आणि जुनी वाइल-फेलिक्स टेस्ट तर कितीतरी केसेस सोडते. म्हणून संशय आला की रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, कारण उशीर झाला की फुफ्फुस, किडनी, मेंदू सगळीकडे इन्फेक्शन जातं आणि पेशंट व्हेंटिलेटरवर. अशा सिरियस पेशंटवर आपल्याच देशात ट्रायल झाली, 2023 मध्ये छापून आली, 794 पेशंट होते, डॉक्सीसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिलेल्यांचा रिझल्ट एकेकट्या औषधापेक्षा चांगला आला. ही बातमी पहिल्या पानावर का नाही आली, कोण जाणे.

आणखी एक, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. तुमची बातमी वाचून एक नातेवाईक शेजारचा बेड बदलून द्या म्हणून माझ्याशी अर्धा तास भांडले.

पुढच्या वेळी आकडे छापाल तेव्हा शेजारी त्या काळ्या खपलीचा एक रंगीत फोटो छापा, मोठा.

आपली वाचक,
एक स्टाफ नर्स