बाबांचा गुडघा आणि पुढचे चार दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गुडघा बदलायचं नक्की झालं, बरं वाटलं. गुडघा चालेल. पण या वयात मोठ्या ऑपरेशनचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे रत्नागिरीला जायच्या आधी तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते.

हाड कापलं की अंगात दाह सुरू होतो. जखम भरायला तो लागतोच. पण इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तात खूप वाढतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा झिरपायला लागतो, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी चेकाळतात आणि नवीन आठवणी धरून ठेवणारा भाग मंदावतो.

आई, बाबा रात्री सलाईन उपटायला लागले, 'घरी न्या' म्हणून ओरडले, तर घाबरू नकोस. कुणी बाधा म्हणेल, कुणी म्हातारचळ, दोन्ही नव्हे. आजारपणात मेंदूचा असा अचानक गोंधळ होतो, याला डिलिरियम म्हणतात आणि बहुतेकांचा तो उतरतो. खरा फसवा तो गप्प प्रकार. माणूस दिवसभर पडून राहतो, हाक मारली तर नुसतं 'हं', जेवणाची शुद्ध नाही, आणि सगळे म्हणतात, शांत झोपलेत. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांना वार उलटे म्हणायला लाव: रविवार, शनिवार, शुक्रवार. ऑपरेशनआधी सहज जमत होतं आणि आता मधेच तुटतंय, तर लगेच नर्सला सांग, 'हे असे नसतात.'

मग कारण शोधायला सांगायचं: लघवी तुंबली आहे का, पोट साफ नाही का, सोडियम किंवा ऑक्सिजन कमी झालाय का, जंतुसंसर्ग आहे का, दुखणं सोसत पडलेत का. झोपेचं इंजेक्शन मात्र आपणहून मागू नकोस. लोराझेपामसारख्या औषधांनी गोंधळ वाढतो. अ‍ॅव्हिल, फेनरगन या अ‍ॅलर्जीच्या औषधांचंही तेच. आणि बाबा, तुम्ही झोपेची गोळी रोज घेत असाल तर भूलतज्ज्ञांपासून लपवू नका. ती एकदम तुटली तरी डिलिरियम होतो.

यावर हमखास औषध अजून नाही. केटामीन हे भुलीचं औषध मोठ्या चाचणीत उपयोगी पडलं नाही, उलट भास वाढले. डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाचे निकाल उलटसुलट आहेत. पूर्ण भूल की कमरेत इंजेक्शन, यावरही वाद घालू नका. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या 1600 रुग्णांवर 2021 साली आलेल्या अभ्यासात दोन्हींकडे डिलिरियम साधारण 20 टक्केच होता.

काम करते ती खाटेजवळची देखभाल. अमेरिकेत 1999 साली छापलेल्या अभ्यासात, हॉस्पिटलात दाखल झालेल्या वयस्कर रुग्णांत, फक्त अशा काळजीने डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 वर आलं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी ऑपरेशनला नेताना तुझ्याकडे देतील. शुद्ध आल्या आल्या परत चढव. यंत्राचे जादा सेल घे. खिडकीजवळची खाट माग. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे बंद. वार, तारीख, आपण कुठे आहोत, हे बोलता बोलता सांगत राहा, परीक्षा घेतल्यासारखं नको. लघवीची नळी लवकर काढता येईल का, विचार. फिजिओ म्हणेल तेव्हा उठवायचं, 'आज राहू दे' म्हणायचं नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखायला लागेपर्यंत थांबू नये. आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी राहायची गरज सहसा नसते. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञांना विचारून. नंतर खायला मिळालं की मऊ पेज, मेतकूट.

घरी आल्यावरही काही आठवडे डोकं जड राहू शकतं. 1998 च्या मोठ्या अभ्यासात साठीपुढच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या भागाला आठवड्यानंतर आणि दहाव्या भागाला तीन महिन्यांनंतरही स्मृती-एकाग्रतेचा त्रास होता. म्हणून पहिला महिना जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदांवर सही नको. कलमांच्या फवारणीचं औषध मिसळणं तर बाबांकडे अजिबात नको. एका चुकीच्या मापाने मोहर जळतो आणि माणूसही दगावू शकतो. गोळ्या डबीत वारांप्रमाणे तू लाव. तीन महिन्यांनी हिशेब जमत नसला तर बी-12, थायरॉईड आणि ऐकू येणं तपासून घेऊ.

चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक पुड्यांसकट, एका पिशवीत भरून भूलतज्ज्ञांकडे न्या. पट्ट्यांचे फोटो मला आजच पाठवा.

तुमची,
लेक