वनमंत्री साहेब, टेकडीच्या पायवाटेलाही निधी द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,

नमस्कार साहेब,

रस्ता, खाण, धरण यांना वनजमीन दिली की प्रकल्पवाल्यांकडून पैसे घेतात आणि ते कॅम्पा फंडात, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायच्या निधीत, जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. कितीतरी वर्षं ते नुसते साठत राहिले, 2016 ला कायदा आला, 2019 मध्ये केंद्राने 27 राज्यांना मिळून 47 हजार कोटींच्या वर रक्कम दिली. म्हणजे पैसाच नाही असं नाहीये, तो कशावर जातो हा प्रश्न आहे.

बऱ्याचदा खड्डे खणा आणि रोपं लावा, एवढंच. तेही माळरानावर, कारण ती जागा रिकामी दिसते. पण माळ रिकामा नसतो हो! सोलापूरकडच्या गवतात लांडगा आहे, काळवीट आहे, धाविक पक्षी आहे, माळढोक पक्षी तर जवळपास गेलाच, आणि मेंढपाळ पिढ्यानपिढ्या तिथे मेंढरं चारत आलेत. तिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावली की लांबून हिरवं दिसतं पण गवत जातं, आणि गवताबरोबर त्याच्यावर जगणारं सगळंच जातं.

अमेरिकेत 1964 च्या कायद्याने जमिनी राखायचा फंड काढला, पुढे समुद्रातल्या तेल-गॅसचं उत्पन्न त्याला मिळू लागलं, त्या फंडात जंगल पण येतं आणि गावातलं खेळाचं मैदान पण. तिथेही पैसे वर्षानुवर्षं दुसरीकडे वळवले गेले, शेवटी 2020 ला वर्षाचे 90 कोटी डॉलर पूर्ण द्यायचेच असं पक्कं केलं. जमीन राखायची आणि लोकांना तिथे जाऊ पण द्यायचं, हे एकाच फंडात बसवलंय ते मला फार पटतं.

आपल्याकडे राखायचं म्हणजे आधी कुंपण. आमच्या टेकडीची पायवाट पावसात धुपून घळ झाली, दुरुस्तीला निधी नाही म्हणाले आणि वाटच बंद केली. पाणी आडवं काढून द्यायला दगडांच्या चार ओळी वेळेत घातल्या असत्या तर भागलं असतं. आता रोज पहाटे फिरणारी म्हातारी माणसं भरधाव गाड्यांच्या कडेने चालतात, बघवत नाही.

माळरानाची नोंद माळरान म्हणूनच करा साहेब, जाळरेषांचे, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून काढायच्या मोकळ्या पट्ट्यांचे, पैसे वणव्याच्या आधी पोचू द्या, आणि पायवाटांच्या देखभालीला दरवर्षी वेगळं बजेट हेड द्या, कॅम्पाच्या नियमात बसत नसेल तर राज्याच्या पैशातून. आमच्या वाटेचं काम मात्र जूनच्या आत व्हायला हवं, अजून एक पावसाळा गेला तर दगडांच्या ओळींनी भागणार नाही.

आपली,
टेकडीवर रोज जाणारी एक नागरिक