कॉलेजच्या वेळेला बस हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि निपाणी तालुक्यांतील मुलांनी कॉलेजला बसने जावे की दुचाकीने, हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत घरोघरी निघतो आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा निकाल लागतो. एकदा गाडीचा हप्ता सुरू झाला की वर्षभर त्याकडे कुणी वळून पाहत नाही. पुढे रस्त्यावर मुलांच्या गाड्या वाढल्या, अपघात झाले, की आपण मुलांच्या हौसेला आणि पालकांच्या लाडाला बोल लावतो. या भागात आयुष्यभर अध्यापन केलेला निवृत्त शिक्षक म्हणून मला हे निदान पटत नाही. हौस असते, नाही असे नाही. पण ज्या घरात खताच्या पोत्यासाठी सोसायटीच्या कर्जाची वाट पाहिली जाते, त्या घरात लाखाच्या घरातली गाडी केवळ हौसेखातर येत नाही. सकाळच्या बसचा भरवसा नसतो म्हणून ती येते.

निवड केवळ पैशांवर होत असती तर बहुतेकांनी बसच धरली असती. खानापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस धरले तर १२०० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर धावणारी गाडी असली तरी २४ लिटर पेट्रोल लागते, आणि पेट्रोलने लिटरमागे शंभरी केव्हाच ओलांडली आहे. म्हणजे हप्ता, टायर आणि सर्व्हिसिंग बाजूला ठेवले तरी दरमहा २४०० रुपयांवर खर्च आहे. उलट ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकातील बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले असले तरी विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास या खर्चाच्या मानाने फारच स्वस्त पडतो. मुलींना तर ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातील साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये तिकीटच लागत नाही. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रकमेचे तिकीट हातात देतो. इतके असूनही कॉलेजांच्या आवारात दुचाकी लावायला जागा उरत नाही, तेव्हा कारण पैशापलीकडे शोधावे लागते.

ते कारण पाहायचे असेल तर सकाळी साडेआठच्या सुमारास खानापूर रोडवरच्या एखाद्या फाट्यावर उभे राहावे. पाठीवर सॅक आणि हातात डबा घेतलेली वीस-पंचवीस मुले-मुली रस्त्याच्या कडेला थांबलेली असतात. खानापूरकडून येणारी बस आधीच खच्चून भरलेली असते, दोन-चार मुले दारातल्या दांड्याला धरून पायरीवर उभी असतात. ड्रायव्हर वेग कमी करतो, कुणी उतरणार नाही असे पाहतो आणि बस पुढे काढतो. मुले हात दाखवत राहतात. त्यानंतरच्या बसची तीच गत होते आणि तिच्यानंतरची बस येईपर्यंत पहिला तास संपलेला असतो. "बस येते सर, खरं थांबत नाही," असे पदवीच्या एका विद्यार्थ्याने मला तिथे सांगितले, आणि त्याहून नेमके मला सांगता येणार नाही. पदवीपूर्व, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. पहिल्या तासाला वारंवार गैरहजेरी लागू लागली की मुलगा घरी गाडीचा विषय काढतो, आणि बापाला नाही म्हणता येत नाही.

यात मी ड्रायव्हर-कंडक्टरांना दोष देत नाही. भरलेल्या बसमध्ये आणखी वीस जण कोंबायचे तरी कसे? शक्ती योजनेमुळे शेतमजूर बाया, बाजाराला जाणाऱ्या आजीबाई, उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या महिला मोठ्या संख्येने बसकडे वळल्या, ही अतिशय चांगली गोष्ट झाली. मात्र प्रवासी वाढले त्या प्रमाणात सकाळी आठ ते साडेनऊ या दीड तासातल्या फेऱ्या वाढल्या पाहिजेत. दुपारी बारा वाजता अर्ध्या रिकाम्या धावणाऱ्या बसचा विद्यार्थ्याला उपयोग नाही.

संध्याकाळची अडचण याहून गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके साडेचार-पाचपर्यंत चालतात. जांबोटी, कणकुंबी भागातल्या किंवा नंदगडच्या आतल्या बाजूच्या गावांना जाणारी बस त्यानंतर सापडली तर सापडली. ती चुकली की वस्तीच्या गाडीची वाट पाहायची. कणकुंबीकडचा रस्ता जंगलातून जातो, तिथला पाऊस सर्वांना ठाऊक आहे, आणि फाट्यावर उतरून गावापर्यंत चालायचे अंतर वेगळेच. मुलगा असेल तर तो कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून येतो. मुलगी असेल तर आई-वडील प्रवेश घेतानाच हिशेब करतात आणि दहावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला जवळच्या कॉलेजात, जी शाखा उपलब्ध असेल तिला घालतात. विज्ञान घेऊ इच्छिणारी, पण बसच्या वेळेमुळे कला शाखेत बसलेली मुलगी मी वर्गात एकदाच पाहिली असे नाही. त्या मुली हुशार होत्या, त्यांनी कला शाखेतही नाव काढले. परंतु त्यांची शाखा त्यांनी निवडली नव्हती. तिकीट माफ करून सरकारने या मुलींसाठी बसचे दार उघडले आहे. आता त्या दाराशी बस सहा वाजताही उभी राहिली पाहिजे.

दुचाकीची दुसरी बाजूही पालकांनी नीट समजून घ्यावी. अकरावी-बारावीची बहुतेक मुले सोळा-सतरा वर्षांची असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा परवाना मिळतो, आणि आज घरोघरी असलेल्या स्कूटर व मोटारसायकली त्या मर्यादेच्या दुप्पट क्षमतेच्या आहेत. म्हणजे पदवीपूर्व कॉलेजला स्वतः अशी गाडी चालवत येणारा जवळपास प्रत्येक मुलगा विनापरवाना असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात पालक किंवा गाडीचा मालक दोषी ठरतो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. अपघातात तिऱ्हाइताला नुकसानभरपाई द्यावी लागली तर विमा कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका चुकीच्या वळणावर शेत विकायची पाळी येऊ शकते, हे गाडीची किल्ली देताना कुणी सांगत नाही. शिवाय खानापूर रोड म्हणजे गोव्याकडे जाणारा महामार्ग. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग या पट्ट्यात सकाळी मालट्रक आणि कामगारांच्या गाड्या यांच्यामधून तिघे-तिघे एका गाडीवर बसून, हेल्मेटविना जाणारी मुले पाहिली की छातीत धस्स होते.

पहाटेच्या शिकवण्या हाही एक भाग आहे. 'नीट' आणि 'सीईटी' या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टिळकवाडी-शहापूरकडे सकाळी सहा-साडेसहाला वर्ग भरत असतील, तर खेड्यातला मुलगा बसने पोहोचणे अशक्य आहे. शिकवणीचालकांनी ग्रामीण मुलांसाठी वर्गाची वेळ कॉलेजनंतर ठेवावी, एवढीच त्यांना विनंती.

चंदगड तालुक्यातून वेंगुर्ला रोडने बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलांची स्थिती आणखी नाजूक आहे. शिनोळी ओलांडून बाचीला आले की राज्य बदलते आणि त्याबरोबर सवलतीही बदलतात. शक्ती योजना कर्नाटकातील रहिवासी महिलांसाठी आहे. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरती आहे. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतल्या, एकाच वर्गात एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एक फुकट येते आणि दुसरी पदरचे पैसे मोडते. त्यातच सीमाभागात वातावरण तापले की आधी बंद पडते ती आंतरराज्य बससेवा. डिसेंबर २०२२ मध्ये हे झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झाले, आणि फेब्रुवारी-मार्च हे तर परीक्षांचे दिवस. दोन्ही बाजूंच्या प्रशासनाने अशा वेळी निदान आपापल्या हद्दीपर्यंतच्या फेऱ्या चालू ठेवाव्यात आणि हद्दीवर पोलीस बंदोबस्तात विद्यार्थ्यांना बस बदलू द्यावी. बस बंद राहिली म्हणून ज्या घरांनी गाडी घेतली, ती घरे बस सुरू झाल्यावरही परत वळत नाहीत.

रेल्वेचा विचार मात्र आपण जवळजवळ सोडूनच दिला आहे. बेळगावहून देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा अशी स्थानके ओळीने आहेत. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत द्वितीय वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची रेल्वेची तरतूद आहे, हे कित्येक पालकांना माहीतही नसते. कॉलेजच्या वेळेला धरून सकाळ-संध्याकाळ एक-एक पॅसेंजर या टप्प्यात मिळाली तर खानापूर रोडवरचा मोठा भार हलका होईल. लोकप्रतिनिधींनी ही मागणी नैर्ऋत्य रेल्वेकडे नेटाने लावून धरावी.

बाकीच्या गोष्टी जिल्हा पातळीवर, फारसा खर्च न करता होण्यासारख्या आहेत. मुख्य ठाण्यावरून भरून येणारी बस मधल्या फाट्यांना उपयोगी पडत नाही, म्हणून सकाळच्या एक-दोन फेऱ्या मधल्याच गावातून सोडाव्यात. सेवासिंधू या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून पास हातात पडेपर्यंत जे आठवडे जातात, त्याच आठवड्यांत गाडीची सवय लागते. त्यासाठी परिवहन मंडळाने प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजातच पासची खिडकी उघडावी. शनिवारी कॉलेज लवकर सुटते, त्या दिवशीच्या दुपारच्या फेऱ्या त्याप्रमाणे लावाव्यात. एखादी फेरी रद्द झाली तर कॉलेजच्या कार्यालयात आदल्या दिवशी फोन यावा.

हे ठरवण्यासाठी आगार व्यवस्थापकांनी प्राचार्यांना बोलावून एक बैठक पुढील वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच घ्यावी. कोणत्या फाट्यावर किती मुले चढतात हे विचारायला वेगळे सर्वेक्षण नको. प्रवेश अर्जात गाव लिहिलेलेच असते. त्याशेजारी बस पकडण्याचे ठिकाण आणि घरी परतण्याची वेळ असे दोन रकाने वाढवले की प्रत्येक कॉलेजाचा तक्ता तयार होईल. हे तक्ते जुळवून आगाराकडे पोहोचवण्याचे काम करायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत. ज्या प्राचार्यांना ते हवे असेल त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
खानापूर रोड, बेळगाव