‘माय फेअर लेडी’ आणि तीन वाद्ये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगीतिकांमधली गाणी जॅझ त्रिकुटांनी वाजवली की त्यांतला अर्थ गळून पडतो आणि उरते ते हॉटेलात जेवताना कानावर पडणारे संगीत, असे विधान आपल्या रविवार पुरवणीतील लेखात वाचले. हॉटेलांतल्या बऱ्याचशा वादनाबद्दल ते खरे असेलही. पण लेखकाने ओझरता उल्लेख केलेल्या ‘माय फेअर लेडी’च्या जॅझ ध्वनिमुद्रिकेवर ते अन्याय करते, म्हणून हे पत्र.

गीतकार लर्नर आणि संगीतकार लोव यांची ही संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर मार्च 1956 मध्ये आली. (बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या ज्या नाटकावर ती बेतली आहे, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ आले, तेव्हा कथानक सांगायला नको.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रमवादक शेली मॅन, पियानोवादक आन्द्रे प्रेविन आणि बासवादक लेरॉय विनेगर यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्यातील आठ गाणी मुद्रित केली. एकाच संगीतिकेवर अख्खी जॅझ ध्वनिमुद्रिका काढण्याची चाल रुळली ती या ध्वनिमुद्रिकेला मिळालेल्या यशानंतर.

यातले ‘ॲस्कॉट गॅव्हॉट’ मुद्दाम ऐकावे. नाटकात घोड्यांची शर्यत पाहायला जमलेली उच्चभ्रू मंडळी आपण किती रोमांचित झालो आहोत हे चेहऱ्यावरची रेषही न हलवता, जुन्या दरबारी नृत्याच्या ठाय चालीत गातात. विनोद तिथेच आहे. त्रिकूट हीच चाल धावत्या स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत घेते, विनेगर यांचा बास एकेका मात्रेवर पाऊल टाकत निघतो आणि त्या मंडळींना जे घोडे दिसूनही दिसत नाहीत, ते दौडू लागतात. इथे शब्द नाहीत हे खरे, पण शब्दांमधली थट्टा वादकांना नेमकी कळलेली आहे.

उलट उदाहरण ‘आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस’चे. नाटकाचा नायक प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन गायक नव्हते. आपली गाणी ते निम्मी बोलत, निम्मी गात. अभिनय म्हणून ते अप्रतिमच होते, पण लोव यांची चाल त्या बोलण्याआड झाकली जाई. प्रेविन तीच चाल संथपणे, सुटी करून वाजवतात, तेव्हा हट्टी प्राध्यापकाला एकटेपण जाणवू लागल्याचे सुरांतूनच कळते. नाट्यपद रंगमंचावरून मैफलीत आल्यावर त्यातला राग नव्याने उलगडतो, हा अनुभव असलेल्या मराठी श्रोत्याला यात नवल वाटू नये.

सगळीच रूपांतरे या तोडीची आहेत, असे मी म्हणणार नाही. पियानोवादक ऑस्कर पीटरसन, बासवादक रे ब्राउन आणि ड्रमवादक एड थिगपेन यांच्या 1962 मधील ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेवरील ध्वनिमुद्रिकेत हातांची तयारी थक्क करणारी आहे, मात्र माझ्या कानांना तिथे काही जागी नाटकातले दुःख तयारीपुढे मागे पडलेले वाटते. लेखकाचा आक्षेप या ध्वनिमुद्रिकेवर असता, तर मी निम्मा तरी मान्य केला असता.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात ‘माय फेअर लेडी’ची ध्वनिमुद्रिका प्रेविन यांची म्हटली आहे. वादनात पियानोच पुढे असल्याने असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती ‘शेली मॅन अँड हिज फ्रेंड्स’ या नावाने निघाली होती आणि त्रिकुटाचे म्होरके ड्रमवर बसलेले मॅन होते.

आपला,
एक वाचक, डोंबिवली